ओतलेलं पाणी जातं कुठं?

आम्ही अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरहून, बचत गटाच्या बायका बोलतोय. पापड, शेवया, कर्जाचे हप्ते यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीचं कूलंट गळायला लागलं तर ते ओळखायचं कसं आणि नीट करून घ्यायचं कसं, हे आज सांगणार आहोत.

बायकांना याचं काय, असं कुणी म्हणेल. पण आता गाड्या बायकांच्या नावावर यायला लागल्यात. २०१७ साली सुरू झालेली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना तर गटातल्या बायकांनी खेड्यापाड्यांत प्रवासी गाडी चालवावी यासाठीच आहे. गाडी आपली, हप्ता आपला, मग बोनेटखाली काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नको का?

आमच्या गटाची जुनी चारचाकी आहे. डाळी, शेवया घेऊन ती जालन्याला जाते. अडीअडचणीला बाळंतपणाची बाईही तिच्यातूनच दवाखान्यात जाते. मागच्या उन्हाळ्यात तिची कूलंटची बाटली दर दोन दिवसांनी खाली जायला लागली. ड्रायव्हरदादा पाणी ओतायचे आणि गाडी पुढं निघायची. मासिक बैठकीत एकीनं विचारलं, “रोज ओततोय, ते जातं कुठं?”

सगळी गोष्ट या प्रश्नातच आहे. कूलंट डिझेलसारखं जळून संपत नाही. ते इंजिनातून उष्णता घेतं, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि परत इंजिनात येतं. तेच तेच फिरत राहतं. वरचेवर कमी होतंय म्हणजे कुठून तरी गळतंयच.

आपला कुकर आठवा. झाकण घट्ट बसलं की आत दाब तयार होतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढं तापतं आणि डाळ लवकर शिजते. गाडीतही तसंच आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट लवकर उकळत नाही. कुकरची रिंग सैल झाली की वाफ निघून जाते, तसं गाडीत कुठं फट पडली की दाब जातो, कूलंट जातं आणि इंजिन तापतं. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी मुंगीच्या पावलानं चालते, तेव्हा रेडिएटरला वाराही लागत नाही.

आता गळती शोधायची कशी? गाडी पूर्ण गार असताना, सकाळी. आधी बाटली बघा. तिच्यावर दोन खुणा असतात, कूलंट त्या दोन्हींच्या मध्ये हवं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर स्वच्छ, बिनरंगाचं पाणी असेल तर ते बहुतेक एसीचं. काळं, तेलकट असेल तर ऑइल. हिरवं, लाल किंवा निळं, चिकटसर आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. मग बोनेट उघडून डागाच्या वरची जागा बघा. रबरी होजपाइप, त्यांच्या टोकांच्या क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, वॉटर पंप. गळलेलं कूलंट वाळलं की तिथं पांढरट किंवा रंगीत खपली धरते.

आमच्या गाडीत वरच्या होजच्या टोकाला हिरवट खपली होती. रबर कडक होऊन चिरलं होतं. मिस्त्रींनी होज आणि क्लिप दोन्ही बदलले, कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा काढली आणि परत पातळी बघितली. खर्च शेकड्यांत भागला. असंच चालवत राहिलो असतो तर इंजिन तापून हेड वाकलं असतं आणि बिल हजारांत गेलं असतं.

बाहेर कुठंच ओल नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, तर जास्त जपा. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल दुधाळ झालेलं, ही हेड गॅस्केट गेल्याची खूण असू शकते. अशी गाडी चालवू नका, मिस्त्रींना दाखवा. दाब देऊन गळती तपासायचा पंप त्यांच्याकडं असतो, तो लावायला सांगा.

तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका. शिट्टी व्हायच्या बेतातल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? उकळतं कूलंट तोंडावर उडतं. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो. दुसरी, बोअरचं पाणी भरू नका. आपल्या हंड्याला पांढरा थर बसतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कंपनीनं सांगितलेलं कूलंटच वापरा, त्यात मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर. वाटेत अडलात तर गार झाल्यावर साधं पाणी घालून गॅरेज गाठा, पण तिथं ते काढून घ्या. तिसरी, कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. लेकरं, शेळ्या, कुत्री त्याला तोंड लावू शकतात. सांडलेलं लगेच पुसा, उरलेलं कुलपात ठेवा, पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

आमच्याकडं आता दर सोमवारी सकाळी दोघीजणी बाटलीची पातळी बघतात आणि वहीत लिहितात. पाच मिनिटांचं काम आहे. मिस्त्रींकडं गेल्यावर “गाडी तापते, बघा काय ते” एवढंच म्हणू नका. “वरच्या होजला खपली आहे, दोन दिवसांत इतकं कमी झालं,” असं सांगा. आणि काढलेला जुना भाग दाखवायला सांगा. तुमच्या गटात गाडी असेल तर उद्या सकाळीच बोनेट उघडून बघा.