बालपणाचे साक्षीदार
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी वैद्य नव्हे, वक्ता तर नव्हेच नव्हे. तेव्हा जे स्वतः अनुभवले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मला ‘स्वमग्नता’ असल्याचे निदान झाले. हा शब्द आपण लहान मुलांच्या संदर्भात ऐकला असेल. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध करून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे १९८१ साली डॉ. लॉर्ना विंग यांनी, बोलण्यात व बुद्धीत उणे नसलेल्या, परंतु लोकव्यवहारात अडखळणाऱ्या व्यक्तींकडे लक्ष वेधले. स्वमग्नता हा बालपणी येऊन जाणारा आजार नव्हे. ती जन्मभराची घडण आहे. मूल मोठे होते, तशी तीही त्याच्याबरोबर चालते.

माझ्यापुरते सांगायचे तर, लग्नघरातील वाजंत्री आणि गलबला मला अंगावर धावून आल्यासारखा वाटे; मी मागल्या ओसरीवर जाऊन बसत असे. पंचांगाची पाने तोंडपाठ, पण आलेल्या पाहुण्याशी काय बोलावे ते सुचत नसे. कचेरीत हिशेब चोख. मात्र बसण्याची जागा बदलली की आठ-आठ दिवस झोप उडे. मंडळी मला ‘शिष्ट’ म्हणत, ‘घुम्या’ म्हणत. त्यांचा राग नाही. मलाही दुसरे नाव ठाऊक नव्हते. नात्यातील एका मुलाची लक्षणे डॉक्टर सांगत असताना मी शेजारी बसलो होतो, आणि ती माझीच कहाणी आहे असे मला वाटू लागले.

मग केसपेपर काढला, रांगेत उभा राहिलो. पाच-सहा फेऱ्या झाल्या. या अवस्थेचा छडा लावणारी रक्ताची तपासणी नाही की छायाचित्र नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस विधानांची भारतीय मोजणीपट्टी आहे. परंतु तीही मुख्यत्वे मुले व तरुण यांना समोर ठेवून रचलेली. प्रौढाच्या बाबतीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “तुम्हांला लहानपणी कोणी पाहिले आहे?”

मी पंचाहत्तरीच्या आईला घेऊन गेलो. ती म्हणाली, “काही नव्हते हो डॉक्टर, फार गुणी बाळ होता.” घरात नातीच्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यामागची भीती मला कळत होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आजी, दोष शोधत नाही. तो कसा होता, एवढेच सांगा.” पुढच्या फेरीला तिने सारे सांगितले. हाक मारली तरी मी वळून पाहत नसे. चिंचोक्यांच्या रांगा मांडी, आणि त्यांतला एक जरी हलला तरी तासभर आकांत करी. हवी ती वस्तू न मागता तिचा हात धरून तिकडे ओढत नेई. शेवटी म्हणाली, “मला वाटे, माझ्याच हातून काही चुकले.”

भगिनींनो, आईच्या कोरडेपणामुळे असे होते, असे एके काळी पाश्चात्त्य विद्वानही म्हणत. तो समज केव्हाच निकालात निघाला आहे. तिचे काहीही चुकले नव्हते.

निदानाने काय साधले, असे आपण विचाराल. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. परंतु डॉक्टरांच्या पत्रामुळे कचेरीत कोपऱ्यातील शांत जागा मिळाली, आणि पत्नीच्या मनातील जुनी अढी गेली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी शासनाच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मात्र निदान आणि प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी होत. कायद्यातील पुष्कळ सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व ठरावे लागते, आणि निदान झालेल्या प्रत्येकाचे तेवढे ठरतेच असे नाही.

आता समाजापुढे माझी एकच विनंती. वधूवर मेळाव्यातील पत्रिकेला बाध येईल म्हणून आपण मुलांचे वेगळेपण झाकतो. चाळीस वर्षे झाकलेली गोष्ट पुढे सांगणारेही उरत नाही. तेव्हा आपल्या मुलाभावंडांचे बालपण जसे होते तसे लिहून ठेवा. शाळेची प्रगतिपुस्तके जपा. आणि कोणी विचारावयास आला, तर आजोबा, आजी, आत्या, मामा यांनी खरी साक्ष द्यावी. प्रथम कोठे विचारावे हे न कळल्यास, शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

माझी आई गेल्या वर्षी निवर्तली. त्या दिवशी ती गप्प राहिली असती, तर माझी साक्ष तिच्याबरोबरच गेली असती आणि मी जन्मभर ‘घुम्या’च राहिलो असतो. तिच्या स्मृतीस माझे वंदन.