नोंदींचा साठा आणि सावध आज्ञा
(भाषणाचा मजकूर)



पेडणे तालुक्यातील शेतकऱ्याच्या जीवनात एक-चौदाच्या उताऱ्याचे स्थान सर्वांना विदित आहे. सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव या नोंदींवर घराण्याचा हक्क अवलंबून असतो. पूर्वी अशा नोंदी केवळ कागदी वह्यांत असत. आज त्या संगणकावर ठेवल्या जातात. त्यांचा साठा सांभाळून हवी ती नोंद काढून देणाऱ्या यंत्रणेस डेटाबेस सर्व्हर म्हणतात.

या यंत्रणेशी बोलण्याची भाषा एसक्यूएल होय. 1970 साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी कोष्टकरूप माहितीचा सिद्धांत मांडला आणि त्याच कंपनीत पुढे या भाषेचा पाया घातला गेला. तंत्रज्ञ पडद्यावर आज्ञेची ओळ लिहितो व सर्व्हर उत्तर देतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन सर्व्हर सर्वत्र प्रचलित आहेत. 2015 साली त्यांच्यासाठी अनुक्रमे मायसीएलआय व पीजीसीएलआय ही मोफत साधने उपलब्ध झाली. अक्षरे टंकित होताच ती कोष्टकांची व रकान्यांची नावे सुचवितात, आज्ञेतील शब्द निरनिराळ्या रंगांत दाखवितात आणि नोंदी पुसण्यासारख्या घातक आज्ञेपूर्वी पुढे जावे काय, असे विचारतात.

या विचारण्याचे मोल मोठे आहे. एका कब्जेदाराचे नाव बदलताना सर्व्हे क्रमांकाची अट लिहावयाची राहिली, तर त्या कोष्टकातील प्रत्येक नोंदीवर तेच नाव चढते. यंत्र त्यास चूक मानीत नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांनी एक क्रम पाळावा. प्रथम तीच अट घालून नोंदी केवळ पाहाव्यात. नंतर ‘बिगिन’ ही आज्ञा देऊन बदल करावा. किती ओळी बदलल्या तो आकडा वाचावा. एक अपेक्षित असता हजार दिसल्यास ‘रोलबॅक’ करून पूर्वस्थितीवर यावे; सर्व यथायोग्य असेल तरच ‘कमिट’ करावे. साठ्याची स्वतंत्र प्रत नियमितपणे काढून ठेवावी.

शिक्षकांनी काल्पनिक हजेरीपटाचे लहानसे कोष्टक करून विद्यार्थ्यांना हा क्रम शिकवावा. ग्रामस्थांनी उतारा हाती येताच नाव, क्षेत्र व सर्व्हे क्रमांक वाचून पाहावेत आणि तफावत आढळल्यास मामलेदार कार्यालयास विनाविलंब लेखी कळवावे. साधन कितीही सुलभ झाले तरी नोंदीची अखेरची पारख खातेदाराच्याच डोळ्यांनी होते.