कोठाराची किल्ली कुणाकडे?

(रायपूर येथे चौबे कॉलोनीतील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुपरहिरोंचे चित्रपट म्हणजे पोरखेळ, त्यावर सुजाण माणसांनी वेळ का दवडावा, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो मान्य करण्याजोगा नाही. ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ या २०१८ सालच्या चित्रपटाने जगभरात दोनशे कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. तो काढणारी मार्व्हल ही कंपनी डिस्ने या बलाढ्य मक्तेदार कंपनीने २००९ साली सुमारे चारशे कोटी डॉलर मोजून विकत घेतली होती. एवढ्या भांडवलाच्या बळावर जी गोष्ट साऱ्या जगातील मुलांना सांगितली जाते, तिच्यातील दुष्ट कोण आणि तो दुष्ट का, हे तपासणे अगत्याचे आहे.

पूर्वीच्या खलनायकाला युक्तिवाद लागत नसे. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तील मोगॅम्बोला हिंदुस्थान जिंकायचा होता. का, असे प्रेक्षकांनी कधी विचारले नाही. अमरीश पुरींचा आवाज हेच त्याचे पुरेसे कारण होते. आजचा खलनायक मात्र विचारवंताचा आव आणतो. ‘इन्फिनिटी वॉर’मधील थॅनोसचे म्हणणे असे, की विश्वात खाणारी तोंडे फार झाली आणि साधनसामग्री अपुरी पडली, म्हणून निम्मे जीव नष्ट केल्याखेरीज उरलेल्यांना पोटभर अन्न मिळणार नाही. राव आणि रंक असा भेद न करता चिठ्ठ्या टाकल्यासारखे मारायचे, याला तो न्याय म्हणतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘मार्ग चुकीचा, पण मुद्दा खरा’ असे म्हणणारे प्रेक्षक थोडे नव्हते.

हा मुद्दा कुठून आला? १९९१ च्या मूळ चित्रकथेत थॅनोसचा हेतू निराळा होता. तेथे मृत्यू ही स्त्रीरूपात अवतरते आणि तिला प्रसन्न करण्यासाठी तो संहार करतो. चित्रपटकर्त्यांनी तो प्रेमवेडा हेतू काढून त्या जागी लोकसंख्येचा सिद्धान्त बसवला. हा सिद्धान्त थॉमस माल्थसचा. लोकसंख्या अन्नोत्पादनापेक्षा वेगाने वाढते, म्हणून दारिद्र्य अटळ आहे, असे त्याने १७९८ साली मांडले. पुढे १८०५ पासून तो इंग्लंडमधील हेलीबरीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागला. हे महाविद्यालय ईस्ट इंडिया कंपनीचे होते आणि हिंदुस्थानावर राज्य करण्यासाठी धाडावयाचे तरुण अधिकारी तेथे घडवले जात. दुष्काळाचा दोष भुकेल्यांच्या संख्येवर टाकणारे शास्त्र राज्यकर्त्यांना किती सोयीचे होते, हे यावरून ध्यानी यावे.

या शास्त्राला उत्तर देण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ते याच छत्तीसगडच्या मातीत दिले गेले आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य डलहौसीने १८५४ साली खालसा केले आणि हा मुलुख थेट कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, येथे भीषण दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार आदिवासी जमीनदार नारायणसिंह यांच्या रयतेची उपासमार सुरू झाली. कसडोलच्या एका व्यापाऱ्याच्या कोठारात मात्र धान्य भरलेले होते. नारायणसिंहांनी ते कोठार उघडले आणि धान्य भुकेल्यांना वाटले. आपण काय केले हे त्यांनी स्वतःच सरकारला कळवले, असे सांगितले जाते. व्यापाऱ्याची तक्रार झाली आणि सरकारने त्यांना लूटमारीच्या आरोपाखाली पकडले. १८५७ च्या उठावाची धग येथवर पोहोचताच ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले. सोनाखानला जाऊन त्यांनी सैन्य उभारले, इंग्रजांशी झुंज दिली आणि अखेर ते पकडले गेले. १० डिसेंबर १८५७ रोजी याच रायपूर शहरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

या घटनेत दोन गोष्टी लख्ख दिसतात. पहिली ही, की धान्य नव्हते म्हणून माणसे उपाशी नव्हती. धान्य होते, त्यावर कुलूप होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. तेथेही मुख्य कारण धान्याची टंचाई हे नसून ते विकत घेण्याची लोकांची ऐपत संपली हे होते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली सविस्तर दाखवून दिले. दुसरी गोष्ट अशी, की खलनायक कोण हे ज्याच्या हाती दप्तर असते तो ठरवतो. कंपनीच्या कागदोपत्री नारायणसिंह लुटारू होते आणि साठेबाज हा फिर्यादी होता. स्वतंत्र भारताने १९८७ साली त्यांचे टपाल तिकीट काढले आणि नव्या रायपुरातील क्रिकेटच्या भव्य मैदानाला त्यांचे नाव दिले. माणूस तोच, कृत्य तेच. बदलली ती सत्ता.

आता २०१८ सालच्याच ‘ब्लॅक पँथर’ या दुसऱ्या चित्रपटाकडे वळू. वाकांडा हे आफ्रिकेतील काल्पनिक राज्य अमोल धातूचा साठा जगापासून लपवून समृद्धीत नांदते. त्याच राजघराण्यातील, पण अमेरिकेतील ओकलंड शहरी अनाथ वाढलेला किलमाँगर येतो आणि विचारतो, की जगभरचे कृष्णवर्णीय भरडले जात असताना हे कोठार बंद का? प्रश्न नारायणसिंहांचाच आहे. चित्रपट त्याला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून तो प्रश्नकर्त्याला बदनाम करतो. किलमाँगर आपल्या प्रेयसीला ठार मारतो, एका वृद्धेचा गळा धरतो, राजसत्ता देणाऱ्या वनस्पतीची बाग जाळतो. त्याची शस्त्रे घेऊन निघालेली विमाने पाडण्याचे पुण्यकर्म सीआयएचा एक गोरा अधिकारी करतो! अखेरीस राजा ओकलंडमध्ये सेवाकेंद्र उघडतो. म्हणजे खलनायकाचा मुद्दा मान्य होतो, परंतु हक्क म्हणून नव्हे, दान म्हणून. १९६६ साली ब्लॅक पँथर हा लढाऊ पक्ष याच ओकलंडमध्ये स्थापन झाला होता, ही आठवण येथे पुसटशीच उरते.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. भुकेल्यांना मारू पाहणाऱ्याला गंभीर चिंतकाची प्रतिष्ठा मिळते. कोठार उघडू पाहणाऱ्याला रक्तपिपासू ठरवावे लागते. थॅनोसशी झुंजणारे वीर त्याला वेडा म्हणतात, पण ज्या रत्नांच्या सामर्थ्याने निम्मे जीव चुटकीसरशी नाहीसे होतात त्यांनीच अन्न दुप्पट का करू नये, हे कोणी ठणकावून विचारत नाही. त्याचा खरा हेतू पुढच्या वर्षीच्या ‘एंडगेम’मध्ये उघडा पडतो. वाचलेले लोक कृतज्ञ नाहीत असे दिसताच तो सारे विश्वच मोडून नवे, उपकार मानणारे विश्व घडवायला निघतो. टंचाई ही सबब होती. हवी होती ती मान तुकवणारी प्रजा.

हे सारे पडद्यावरच राहिले असते तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या सकरी येथे वापरात नसलेल्या एका रुग्णालयात कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले. एकाच शल्यचिकित्सकाने अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील अनेक स्त्रिया दगावल्या. त्या गरीब घरांतल्या होत्या. तेथे कोणी थॅनोस नव्हता. परंतु गरिबांची संख्या हीच समस्या, असे एकदा गृहीत धरले की माणूस आकडा होतो, आकड्याचे उद्दिष्ट होते आणि उद्दिष्ट गाठण्याची घाई सुरू होते. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्यासाठी एका स्त्रीने, देविका बिस्वास यांनी, २०१२ पासून न्यायालयाचे दार ठोठावले होते.

याचा अर्थ कुटुंब लहान असू नये किंवा पृथ्वीची संपत्ती अमर्याद आहे, असा कोणी काढू नये. किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, आणि जंगल, पाणी, खनिजे जपून वापरली पाहिजेत हे छत्तीसगडला कोणी शिकवावे लागत नाही. प्रश्न एवढाच, की टंचाईचा हिशेब मांडताना कोठारे मोजली जातात की फक्त तोंडे?

तेव्हा मुलांना घेऊन हे चित्रपट जरूर पाहावेत. त्यांतील कसब आणि गंमत यांचा आनंदही घ्यावा. घरी परतताना मात्र मुलांना विचारावे : खलनायक जे म्हणाला ते खरे होते काय? खरे असेल, तर तेच नायकाने का म्हटले नाही? आणि धान्य कुठे होते? रायपूरच्या मुलांना या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे. ते सांगणाऱ्याला याच शहरात प्राण द्यावे लागले आहेत.