मण्यावरची साय



संयोजक म्हणाले, आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू तुझ्या विषयातलं काही सांग. मी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि इथले निम्मे जण द्राक्षबागायतदार. तेव्हा द्राक्षाच्या मण्यावरच्या पांढुरक्या थराबद्दल बोलते. तुम्ही त्याला ब्लूम म्हणता.

गेल्या हंगामात आपल्यातल्याच एकाच्या मालाचा दर व्यापाऱ्याने पाडला. गोडी होती, फुगवण होती, पण मण्यांवर बोटांचे ठसे होते. त्याच महिन्यात माझ्या शेजारीण बाई तसाच थर असलेली द्राक्षं घासून घासून धूत होत्या, "औषधाची पावडर आहे हो!" म्हणत. एकाला जो थर हवा म्हणून पैसे कापले जातात, तोच दुसरीला विष वाटतो.

तो थर मेणाचा आहे, आणि ते मेण झाड स्वतः बनवतं. सालीच्या सगळ्यात वरच्या पेशींत आधी सोळा-अठरा कार्बनांची स्निग्धाम्लं तयार होतात, मग त्यांची साखळी लांबवत पंचवीस-तीस कार्बनांपर्यंत नेली जाते. द्राक्षाच्या मेणात याशिवाय ओलिॲनोलिक आम्ल भरपूर असतं. हे सगळं पेशीबाहेर येऊन पृष्ठभागावर आपोआप स्फटिकरूप घेतं. द्राक्षावर बारीक पापुद्रे, कमळाच्या पानावर नळ्या. आकार मेणाच्या रसायनावर ठरतो. उसाच्या पेऱ्याखालचा पांढरा पट्टा, अळूच्या पानावरून घरंगळणारा थेंब, कोबीची निळसर झाक, ही सगळी त्याचीच रूपं.

पुसलं तर पुन्हा येतं का? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात बार्थलॉट, नाइनहुइस आणि कोख यांनी यावर काम केलं. २००१ साली त्यांनी दाखवलं की सालीतून जी थोडी वाफ सतत बाहेर पडते, तिच्याबरोबर मेणही बाहेर येतं. म्हणजे मेण वर ढकलणारा वेगळा पंप लागत नाही. कोवळ्या, वाढत्या पानावर बऱ्याच झाडांत थर पुन्हा धरतो. जून झालेल्या पानांवर काही झाडांत धरतो, काहींत नाही. पिकलेल्या मण्याला तर तोडणीपर्यंत तेवढा वेळच उरलेला नसतो. त्यामुळे घड देठाला धरूनच उचला, हे तुमचे मजूर सांगतात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आता तासगावकरांचा विषय. बेदाण्यासाठी आपण नेमकं उलटं करतो. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट, घालून घड बुडवतो. बऱ्याच जणांना वाटतं याने मेण धुऊन जातं. तसं नाही. पापुद्र्यांची रचना बिघडते आणि पाण्याला वाट मिळते. म्हणून शेडमध्ये माल पंधरा दिवसांच्या आसपास वाळतो. न बुडवलेला त्याच्या कितीतरी पुढे रेंगाळतो. बुडवलेला माल साध्या पाण्याने धुतला, तर वाळण्याचा वेग पुन्हा मंदावतो! रॅकवर अवकाळीचे शिंतोडे आले की माल का रखडतो, त्याचं एक कारण हे. (दुसरं कारण दमट हवा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.)

मघाशी चहाला एकीने विचारलं, मग औषध आणि मेण ओळखायचं कसं? मेण मण्यावर सगळीकडे एकसारखं पसरलेलं असतं आणि बोटाने पुसलं की खाली साल चकाकते. फवारणीचे डाग ठिपक्यांचे, किंवा थेंब जिथे लोंबून सुकला तिथे, मण्याच्या तळाशी जमलेले. भुरी असेल तर राखाडी पावडर आणि खाली सालीवर करडे डाग. पण एक स्पष्ट सांगते: ब्लूम शाबूत आहे म्हणजे औषधाचा अंश नाही, असं मात्र होत नाही. अंश डोळ्यांनी दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. ग्राहकाला "हे मेण आहे, घाबरू नका" एवढंच सांगून थांबलात, तर ते अर्धंच सांगणं होईल. वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन खा म्हणावं. थोडं मेण राहिलं तर राहू दे, ते पोटात गेलं तरी काही बिघडत नाही.

जेवणाला अजून दहा मिनिटं आहेत म्हणे. विचारा प्रश्न.