सहकारी संस्थेचा आकार आणि तिचे खरे यश
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्यापैकी अनेक कुटुंबे कोणत्या ना कोणत्या शेतकी सहकारी संस्थेची सभासद आहेत. संस्था किती मोठी असावी आणि तिचे यश कशावरून ओळखावे, याविषयी चार शब्द बोलण्याची मी अनुज्ञा घेतो.

सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. पुढे अर्धशतक लोटत आले, तरी १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे निघाले; सुमारे सत्तर सावकारांचेच होते. संस्थांची संख्या वाढली होती, सामर्थ्य वाढले नव्हते. म्हणून गोरवाला समितीने १९५४ साली मोठ्या संस्थांचा पुरस्कार केला. १९५८ साली राष्ट्रीय विकास परिषदेने, उलट, गाव हाच पाया मानला. १९६० साली वैकुंठलाल मेहता समितीने मधला मार्ग दाखविला: शक्यतो एका गावाची संस्था असावी, मात्र खर्च भागण्याइतका व्यवहार नसेल, तर काही गावे जोडावीत.

लोणीचा प्रवरा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा त्याची गाळपशक्ती दररोज सुमारे ५०० टन होती. विठ्ठलराव विखे पाटलांवर शेतकऱ्यांचा विश्वास होता आणि अध्यक्षस्थानी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. विश्वास आणि हिशेब यांची ती सांगड होती. पुढे राज्यात अनेक कारखाने निघाले आणि वाढलेही. परंतु कर्ज काढून यंत्रे वाढविली आणि ऊस पुरेसा आला नाही, तर यंत्रे उभी राहतात, व्याज मात्र थांबत नाही. कर्जाखाली दबलेले कित्येक सहकारी कारखाने पुढे विकले गेले, कित्येक भाड्याने गेले. भागधारक तेच राहिले, मालकी गेली.

म्हणून इमारत पाहू नका, ताळेबंद पाहा. कर्जाची वसुली किती? साखरेचा उतारा किती? कायद्याप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत मिळतात काय? लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला?

आता एक कटू गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण राग मानू नये. आपण ज्ञातीच्या व्यासपीठावर जमलो आहोत. ते योग्यच आहे. पण संस्थेच्या निवडणुकीत आपण पुष्कळदा सोयरा पाहतो, हिशेब पाहत नाही. सहकारात एका सभासदास एकच मत असते. ते मत भावकीला वाहिले, तर संस्थेची राखण करणारा कोणी उरत नाही. नुकसान मात्र साऱ्या गावाचे होते आणि त्या गावात आपलेही घर असते.

येत्या वार्षिक सभेस प्रत्येक घरातून एक तरी सभासद अहवाल वाचून जावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.