दहा ऑगस्ट १९५० ला आपण कुठे होतो?

(भिलाई-३ येथे पदवीधर तरुणांसमोर केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘सर्वोच्च न्यायालय आणि समाज’. विषय मोठा आहे. पण मी दिल्लीपासून सुरुवात करत नाही, तहसीलच्या खिडकीपासून करतो. तुमच्यातल्या बहुतेकांची सर्वोच्च न्यायालयाशी पहिली गाठ तिथेच पडते. तुम्ही घरातले पहिले पदवीधर. व्यापमचा फॉर्म भरायचा म्हणून जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करता. खिडकीतला बाबू विचारतो, “सन पचास का रिकॉर्ड है? मिसल है?” तुमच्याकडे वडिलांचे कारखान्याचे किंवा रेल्वेचे ओळखपत्र असते, इथल्या शाळेची टी.सी. असते. मिसल नसते. अर्ज परत येतो.

त्या बाबूवर चिडून काही होणार नाही. त्याच्या तोंडून दिल्लीचे दोन निकाल बोलत असतात. ते आज समजून घेऊ.

संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. एखादी जात ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित मानली जाते. पहिली यादी १० ऑगस्ट १९५० ला निघाली. म्हणून त्या दिवशी तुमचे कुटुंब कोणत्या राज्यात राहत होते, हा प्रश्न आला.

१९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव यांचा खटला पाच न्यायमूर्तींसमोर आला. वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या आंध्रातल्या एका आदिवासी विद्यार्थ्याने मेडिकलची राखीव जागा मागितली होती. न्यायालय म्हणाले, एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. १९९४ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने पुढचे पाऊल टाकले. दोन्ही राज्यांच्या यादीत जातीचे नाव एकच असले तरी बाहेरून आलेल्याला लाभ नाही, कारण त्याच नावाच्या जातीची स्थिती दोन राज्यांत वेगळी असू शकते. २०१८ मध्येही राज्याच्या नोकऱ्यांबाबत हाच नियम कायम राहिला.

महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे, छत्तीसगडच्याही आहे. तरी भंडाऱ्याहून आलेल्याच्या नातवाला इथे दाखला मिळत नाही, तो या १९९४ च्या निकालामुळे.

आता आपला इतिहास या निकालाशेजारी ठेवून पाहा. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला १९५५ मध्ये. पहिली धमनभट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. नागपूर, भंडारा, गोंदियाची आपली माणसे देशाचे पोलाद करायला आली. जो कारखाना १९५५ च्या आधी कागदावरही नव्हता, त्याच्या मजुराच्या नातवाकडे आपण १९५० चा रहिवास मागतो.

आणि १९५० मध्ये भंडारा होते कुठे? मध्य प्रदेशात. दुर्ग जिल्हाही मध्य प्रदेशातच. त्या राज्याची राजधानी नागपूर. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा ते मध्य प्रदेशातून लढले. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लोक जमले, तेव्हाही नागपूर मध्य प्रदेशचीच राजधानी होते. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. ज्या तारखेचा कागद आपल्याला मागतात, त्या तारखेला आपले आजोबा आणि इथला तहसीलदार एकाच राज्यात होते. आजोबा राहिले तिथेच, सीमा सरकली.

तुम्ही म्हणाल, न्यायालयाने हे कुठून आणले? १९९४ च्या निकालात बाबासाहेबांच्याच संविधान सभेतल्या उत्तराचा आधार घेतला आहे. आदिवासी क्षेत्रातला माणूस बाहेर गेला तर त्याचे हक्क सोबत जातील का, असे त्यांना विचारले होते. बाबासाहेब म्हणाले की उत्तर देणे कठीण आहे. सध्याच्या तरतुदीप्रमाणे ते सोबत जाणार नाहीत. पण योग्य ठिकाणी प्रश्न लावून धरला तर संविधानात एखादे कलम घालून उत्तर देता येईल. ते बोलत होते अनुसूचित क्षेत्राबद्दल, आणि दार त्यांनी उघडे ठेवले होते. १९९० च्या निकालातही न्यायमूर्तींनी हा प्रश्न योग्य कायदा करून सोडवावा असे म्हटले आहे. तो कायदा अजून झालेला नाही.

मित्रांनो, सर्वोच्च न्यायालय समाज घडवते, हे खरे. पण समाजही न्यायालयाला उत्तर देतो. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासचे जातवार प्रवेश रद्द झाले; त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. मार्च २०१८ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निकाल आला. २ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. अमेरिकेत १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ म्हणणाऱ्या न्यायालयाला १९५४ मध्ये शाळांपुरती तरी ती भूमिका सोडावी लागली. त्यामागे काळ्या वकिलांची कित्येक वर्षांची मेहनत होती. आणि ज्या १९९० मध्ये आपल्यावर राज्याची सीमा घातली गेली, त्याच वर्षी संसदेने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात जागा दिली.

म्हणजे वाटा आहेत. निकालांतही आहेत. २००३ मध्ये सुधाकर विठ्ठल कुंभारे खटल्यात छिंदवाड्याच्या पांढुर्ण्याहून चंद्रपूरला आलेल्या हलबा कर्मचाऱ्याचा प्रश्न होता. एकच प्रदेश दोन राज्यांत विभागला गेला आणि जमात दोन्हीकडे मान्य असेल, तर प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल, असे मत न्यायालयाने नोंदवले. आपलीच गोष्ट आहे ही, फक्त प्रवास उलट्या दिशेचा. २०२१ मध्ये पंकज कुमार खटल्यात बिहार आणि झारखंड यांपैकी कोणत्याही एका राज्यात, पण एकाच वेळी दोन्हीकडे नव्हे, आरक्षण घेता येईल असे ठरले. तो निकाल २००० च्या विभागणीचा आहे, १९५६ च्या विभागणीला आपोआप लागू होत नाही. पण युक्तिवादाला बळ देतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते नाही. जातीचा अपमान गोंदिया स्टेशनवर उतरून जात नाही, हे निदान तिथे मान्य झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. १९९४ च्या निकालामागची भीती खोटी नाही. बाहेरून आलेले शिकलेले लोक स्थानिक दलितांच्या जागा घेतील, असे सतनामी भावाला वाटले तर त्याला दोष देऊ नका. त्याच्या ताटातला घास आपल्याला नको. बाहेरच्या राज्यात राहून दोन दाखले चालवणाऱ्यांची बाजूही आपण घ्यायची नाही. आपली मागणी एवढीच असावी: जे इथे जन्मले, इथे शिकले, ज्यांची जात दोन्ही याद्यांत आहे आणि ज्यांचे मूळ गाव १९५० मध्ये याच राज्यात होते, त्यांना एकाच राज्यात, म्हणजे इथे, हक्क मिळावा, आणि त्या प्रमाणात राखीव जागांचा हिशेबही व्हावा. ही मागणी सतनामी समाजासोबत बसून, त्यांना विचारून मांडली तरच टिकेल.

तोवर हातात आहे ते सोडू नका. रेल्वे, बँका, बी.एस.पी., केंद्रीय सेवा, आय.आय.टी. आणि एम्ससारख्या केंद्रीय संस्था यांना महाराष्ट्राचा दाखला चालतो. कित्येक मुले ‘आपल्याला काहीच मिळत नाही’ समजून खुल्या जागेचा फॉर्म भरतात. तसे करू नका. मूळ जिल्ह्यातून वडिलांचा दाखला काढा. आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद आणि कोतवाल बुकाची नक्कल मागा. १९८२ च्या केंद्रीय पत्राप्रमाणे वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून इथला अधिकारीही स्थलांतरितांचा दाखला देऊ शकतो. त्याने राज्याचे लाभ मिळत नाहीत, पण केंद्रासाठी तो उपयोगी पडतो. ज्यांचे कुटुंब १९५० च्या आधीच राजनांदगाव किंवा दुर्गात होते, त्यांचा तर इथला पूर्ण हक्क आहे. त्यांनी जुने कागद शोधावेत.

ज्यांचा अर्ज नाकारला जाईल, त्यांनी कारणासह लेखी आदेश मागून घ्यावा. तोंडी नकारावर अपील होत नाही. असे पन्नास लेखी आदेश एका फायलीत आले, तर उच्च न्यायालयात नेता येतील आणि खासदाराच्या टेबलावरही ठेवता येतील.

घरी गेलात की आजीला विचारा: गाव कोणते, तहसील कोणती, आजोबा कोणत्या शाळेत गेले होते. आजी आहे तोवर लिहून घ्या. खटल्याचा पहिला कागद तोच आहे.

जय भीम. जय संविधान.