घर सोडताना कापलेली अनामत

भाड्याचं घर सोडलं, किल्ल्या दिल्या आणि मग मालकांचा निरोप आला: रंगकामाचे, साफसफाईचे पैसे अनामतीतून कापले. अशा वेळी गप्प बसू नका. आधी लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून वाचा. रोजच्या वापरानं होणारी झीज, म्हणजे फिका पडलेला रंग वगैरे, भाडेकरूनं भरून द्यायची नसते, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. फुटलेलं बेसिन मात्र वेगळं. तिथं मालकांचं म्हणणं रास्त आहे.

करारच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 लक्षात ठेवा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. ही तरतूद फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते, याचं वाईट वाटतं.

मालकांकडे प्रत्येक कपातीची पावती लेखी मागा. घराचे फोटो, वीजबिलं, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. तरीही पैसे मिळाले नाहीत, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. त्यापुढे दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे.